राखीव रानातले पहिले बारा महिने: नव्या स्वयंसेवकासाठी

नवा माणूस पहिल्या रविवारी येतो तो झाड लावायच्या तयारीने. हातात रोप, समोर खड्डा, शेजारी फोटो काढणारा. आम्ही त्याच्या हातात विळा देतो आणि टणटणीच्या जाळीकडे बोट दाखवतो, तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा उतरतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो: राखीव रानाची देखभाल म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी काढणं, काहीतरी अडवणं आणि बऱ्याच गोष्टींना हात न लावणं. लावणीचं काम यादीत सगळ्यात खाली येतं, आणि काही रानांत ते यादीत नसतंच.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या रानांसाठी आहे: घाटाकडचे डोंगरउतार, सडे (म्हणजे उघडी खडकाळ पठारं), देशावरची माळरानं, गावाजवळच्या टेकड्या. कुठलंही वर्ष जूनपासून धरा. पंचांग काही म्हणो, रानाचं वर्ष पावसाने सुरू होतं.

जागा कोणाची, ते आधी विचारा

'राखीव' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यामागे वेगवेगळे कायदे असतात. अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो. तिथे परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि आतली काडीही बाहेर नेता येत नाही. राखीव वन १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली येतं. जैवविविधता वारसा स्थळं २००२ च्या जैवविविधता कायद्यातून जाहीर होतात. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळची जागा २०२१ मध्ये एका बोटभर माशासाठी असं वारसा स्थळ झाली. देवराईचा कारभार बहुतेक गावाच्या रिवाजाने चालतो. काही देवरायांत पडलेलं लाकूडही उचलत नाहीत, आणि तिथे 'साफसफाई' करायला गेलेल्या उत्साही मंडळींना गावाने परत पाठवलं तर गावाचं बरोबर असतं.

वन विभागाच्या जागेत पहिली भेट वनरक्षकाची घ्या. बीट, म्हणजे रानाचा ठरलेला तुकडा, त्याच्याकडे असतं, रोजची फेरी त्याची असते. त्याच्या वर वनपाल आणि मग वनपरिक्षेत्र अधिकारी. परवानगी लेखी घ्या. अर्जात चार गोष्टी असू द्या: कोणत्या तारखांना येणार, किती माणसं, कोणतं काम, कोणती हत्यारं. हत्यारांचा उल्लेख विसरू नका. कोयते घेऊन वनात शिरलेली वीस अनोळखी माणसं कोणालाही सुखाची वाटत नाहीत.

दुसरी भेट तिथे गुरं चारणाऱ्याची. पाणी कुठे टिकतं, वणवा दरवर्षी कोणत्या बाजूने येतो, बिबट्याची वाट कोणती, हे त्याला ठाऊक असतं. गुराख्याशी भांडून रान वाचवल्याचं उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही. शिवाय चराई सगळीकडे वाईटच असते असंही नाही. पूर्ण बंदी घातल्यावर काही ठिकाणी उंच गवत माजतं आणि खालची छोटी फुलझाडं दबून जातात. किती गुरं, कोणत्या महिन्यात, हा खरा प्रश्न असतो.

पहिला महिना नुसते चाला

गटात जुनं कोणी असेल तर त्यांच्या मागून, नसेल तर वही घेऊन. एकच प्रश्न मनात ठेवा: ही जागा मुळात कशी आहे? जंगल, झुडुपी रान, माळ की सडा?

हा प्रश्न मी उगाच पुढे आणत नाही. आमच्या गटाने सुरुवातीच्या एका पावसाळ्यात गवताळ उतारावर हौसेने भराभर रोपं लावली. वड, पिंपळ, करंज, मिळेल ते. मार्चपर्यंत बहुतेक वाळली, याचं दुःख आम्ही वर्षभर केलं. ती जगली असती तर जास्त नुकसान झालं असतं, हे कळायला अजून दोन वर्षं लागली. तो उतार चंडोलांचा आणि तित्तिरांचा होता. त्यांना सावली नको होती, गवत हवं होतं.

महसुली कागदांत माळरान बऱ्याचदा 'पडीक' म्हणून नोंदलेलं असतं, आणि आपल्या डोळ्यांतही तो शब्द बसला आहे. पण माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगरकडचे (आताचं अहिल्यानगर) माळच अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि मयुरेश्वर-सुपे अभयारण्यात चिंकारा राहतो तो उघड्या गवताळ रानामुळेच. सड्याचं तर आणखी नाजूक. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथली फुलं जांभ्या खडकावरच्या जेमतेम काही इंच मातीत वाढतात. अशा ठिकाणी खड्डा घेणं म्हणजे सड्याची कातडी सोलणं. साधा नियम सांगतो: जिथे मोठं झाड आज नाही आणि जुन्या खोडाचा, बुंध्याचा मागमूसही नाही, तिथे कुणा जाणत्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

अंगावर काय, हातात काय

थोडक्यात आटोपतो. लांब बाह्यांचा मळखाऊ रंगाचा सदरा, पूर्ण पँट, घोट्यापर्यंतचे बूट, जाड हातमोजे. विळा, कोयता, खुरपं, कुदळ, एक पहार, घमेली. दोन लिटर पाणी. अत्तर, सुगंधी तेल, डिओडरंट लावून येऊ नका, कारण कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तो वास भोवतो. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, थेट दूर पळा. पाण्यात उडी मारणं हा सिनेमातला उपाय आहे.

निघताना बुटांचे तळवे आणि मोजे ब्रशने झाडा, रानात शिरताना आणि बाहेर पडतानाही. कुसळं टोचतात म्हणून नाही, तर तुमच्या पायाला चिकटून आलेलं परकं बी पुढच्या वर्षी तिथे उगवतं म्हणून.

दगड उचलताना बोटं खाली घालू नका. आधी पहारीने तो आपल्यापासून पलीकडे कलता करा. फुरसं दगडाखालीच असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची चित्रं पाहून ठेवा, पण ओळख पटवण्याच्या नादात जवळ जाऊ नका. साप चावला तर माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा आणि सरळ रुग्णालय गाठा. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही नाही. सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याखाली रुग्णवाहिकेचा १०८ आणि वन विभागाचा १९२६.

पावसाळा: उपटण्याचे दिवस

जून संपता संपता माती भिजते, मुळं सैल होतात. परक्या झाडोऱ्याशी लढायला हाच काळ बरा, आणि तो थोडा असतो. जुलै-ऑगस्टमधल्या रविवारांना मी कधीच दुसरं काही ठरवत नाही.

सुरुवात गाजरगवतापासून करा, कारण ते सगळ्यांना ओळखता येतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. पांढरी फुलं यायच्या आत मुळासकट उपटायचं. फुलं आल्यावर उपटून ढीग केला तर बी तिथेच पडतं, आणि एका झाडाला ते हजारोंनी असतं. हातमोजे घालाच. कित्येकांच्या अंगावर याने असं पुरळ उठतं की पुन्हा ते रानाचं नाव काढत नाहीत. पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकोहून मुद्दाम आणून १९८४ मध्ये सोडलेले आहेत, गाजरगवत खाण्यासाठीच. तुमच्यापेक्षा ते जास्त वेळ काम करतात.

टणटणी, म्हणजेच घाणेरी, हा मोठा कार्यक्रम आहे. अमेरिका खंडातून बागेची शोभा म्हणून आलेलं हे झुडूप. नवखी माणसं ती कोयत्याने जमिनीलगत छाटतात, जाळी भुईसपाट झाल्याचं समाधान घेऊन घरी जातात, आणि ऑक्टोबरात तिथे एकाच्या जागी पाच फांद्या उभ्या असतात. योग्य पद्धत अशी: आधी वरच्या फांद्या छाटून खोडापर्यंत वाट करा. खोडाभोवतीची माती कुदळीने खरवडा. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तिथे तोडा. फुटवे येतात ते त्या सांध्यातून, तो निघाला की उरलेलं मूळ कुजतं. मग ते झुडूप उलटं करा, मुळं वर आणि फांद्या खाली, आणि तसंच वाळत ठेवा. सरळ टाकलं तर ओल्या मातीत पुन्हा धरतं.

पण हात घालण्याआधी जाळीत डोकावून पाहा. बुलबुलाचं घरटं असेल तर ती जाळी यंदा राहू द्या. आणि सगळा उतार एका हंगामात मोकळा करू नका. टणटणी परकी खरी, पण आज त्या जाळीत ससा लपतो, तित्तिर पिलं घेऊन शिरतो. तुकडे पाडा, एक काढा, एक ठेवा. मोकळ्या केलेल्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं बी उगवत राहणार, कारण पाखरं फळं खातात आणि विष्ठेतून बी तिथे टाकत असतात. म्हणजे यंदा जेवढं काढाल तेवढ्याच जागेवर पुढच्या वर्षी पुन्हा यायचं आहे. तेवढी माणसं टिकणार नसतील तर कमी काढा. अर्धवट सोडलेल्या जागेत टणटणीच्या जागी रानमोडी येते आणि ती आणखी चिवट असते.

उंदीरमारी, सुबाबूळ आणि वेडी बाभूळ यांची रोपं हाताने उपटता येतील एवढी असतील तेव्हाच काढा. मोठं झाड, मग ते कितीही परकं असो, परवानगीशिवाय तोडता येत नाही. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून ही झाडं एकेकाळी लावली गेली, आणि दिसल्याही. त्या हिरवाईखाली गवत उगवत नाही, हे नंतर कळलं.

पिवळ्या कॉसमॉसबद्दल बोलताना मला जरा सांभाळून बोलावं लागतं. सप्टेंबरात उतारच्या उतार नारिंगी-पिवळे होतात, लोक कुटुंबासह फोटो काढायला येतात आणि आम्ही तेच उपटत असतो. शिव्या बसतात. शांतपणे दोन वाक्यांत सांगायचं, शेजारी उगवलेली तेरडा, सोनकी, मिकी माउस ही इथलीच फुलं दाखवायची आणि कामाला लागायचं.

कारवीच्या उतारावर मात्र वेगळी काळजी. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते आणि मग वाळून जाते. ते वाळलेलं खोडांचं रान बघून 'कचरा साफ करू' असं कोणीतरी म्हणतंच. ते तोडू नका. बोंडं झाडावरच असतात. पुढच्या पावसात ती भिजून फुटतात आणि तेव्हा बी पडतं.

पावसाळ्यातलं दुसरं काम वाटेचं. मुसळधार पावसात अर्धा तास छत्री घेऊन पायवाटेवर उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं ते बघा. कोरड्या दिवशी हे कधीच समजत नाही. पायवाटेची घळ होत असेल तर वाटेवर तिरपी दगडांची ओळ बसवायची, दगड अर्ध्याहून जास्त पुरलेले, म्हणजे पाणी उताराच्या बाजूला निघून जातं. आडवी सरळ ओळ घातली तर पाणी तिला वळसा घालतं आणि शेजारी नवी घळ पाडतं. समतल चर खणण्याचा उत्साह कुणाला आला तर त्याला आधी वन विभागाकडे पाठवा. माळावर आणि सड्यावर चर म्हणजे जखम आहे.

आणि आता लावणी, जिथे ती खरोखर हवी आहे तिथे. खड्डे मे महिन्यात घेऊन ठेवलेले असावेत, साधारण दीड फूट लांब, रुंद आणि खोल. पहिल्या सरीला लावू नका. माती हातभर खाली भिजली की लावा. रोप निदान कमरेएवढं असावं आणि त्याच रानातल्या, त्याच पावसाच्या पट्ट्यातल्या बियांचं असावं. कोरड्या टेकडीवर पळस, खैर, हिवर, मेढशिंग, गणेर. ओल्या उतारावर त्या भागातला जाणकार सांगेल ते. पिशवी फाडून काढा. हे लिहावं लागतं, कारण दोन वर्षांनी वाळलेलं रोप उपटल्यावर खाली आख्खी काळी पिशवी मी अनेकदा पाहिली आहे. बीजगोळे फेकण्याच्या सहलींबद्दल माझं मत चांगलं नाही. उघड्यावर पडलेलं बी मुंग्या-उंदीर नेतात किंवा ते उगवून पहिल्याच उन्हाळ्यात जळतं. मुलांना मजा येते, तेवढं खरं.

पावसात जळवा आणि गोचिडी सोबत येतातच. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. आणि वीज चमकू लागली की माथ्यावरून खाली या, एकट्या झाडाखाली उभे राहू नका. विजांचा जोर मेअखेर आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर, जास्त असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: विळा थांबवा

गवत सोनेरी होऊ लागतं आणि कुणीतरी कापणीचा विषय काढतं. बी गळेपर्यंत थांबा. मारवेल, पवन्या यांसारखी गवतं बी टाकण्याआधी दरवर्षी कापली जात राहिली तर ती विरळ होत जातात आणि त्यांच्या जागी कमी कसाची गवतं पसरतात. कापायचंच तर तुकड्यातुकड्यांनी, आणि काही भाग दरवर्षी उभा ठेवून. रशियाकडून, मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी संध्याकाळी उंच गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात.

या दिवसांत पर्यटक वाढतात आणि कचराही. कचरा वेचणं सोपं वाटतं, पण कचरा कशाला म्हणायचं यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाले आहेत. प्लास्टिक, काच, गुटख्याच्या पुड्या, चप्पल, मांजाचा दोरा हा कचरा. पालापाचोळा, पडलेलं खोड, वाळून उभं असलेलं झाड हा कचरा नाही. तांबट आणि सुतारपक्षी अशाच मऊ झालेल्या लाकडात ढोली कोरतात, आणि त्या ढोलीत पुढे पिंगळा नाहीतर पोपट राहतो. एका संस्थेच्या 'स्वच्छता दिना'ला शंभरेक माणसांनी दोन तासांत रानातला पाचोळा गोळा करून ढीग रचले होते. ते ढीग परत पसरायला आम्हांला तीन रविवार लागले.

दारूच्या बाटल्या उचलताना आत डोकावा. कधी पाल, कधी चिचुंद्री अडकलेली असते. तारेचा फास किंवा वाघूर (शिकारीचं जाळं) दिसली तर मात्र काढू नका. फोटो घ्या, जागा मोबाईलवर नोंदवा, हात न लावता मागे या आणि वनरक्षकाला कळवा. तो गुन्ह्याचा पुरावा असतो, आणि लावणारा आसपास असू शकतो.

हिवाळा: वही आणि जाळरेषा

नोंदी ठेवायला वर्षभर सुरुवात करता येते, पण सवय लागते ती थंडीत, कारण तेव्हा चालायला बरं वाटतं. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, शेवटचा सालिम अली यांचा. रानात तळं असेल तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत उतरा, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही चार दिवसांची पक्षिगणना असते. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या ॲपवर टाका. झाडं, फुलं, किडे आयनॅचरलिस्टवर. दुर्मीळ प्राण्याच्या घरट्याची किंवा ऑर्किडची नेमकी जागा मात्र उघड करू नका, चोर तेच वाचतात.

पण ॲपपेक्षा मला दोन जुन्या गोष्टी जास्त उपयोगी पडल्या आहेत. एक, ठरावीक जागेवरून फोटो. चार-पाच ठिकाणी खडकावर खूण करा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथेच उभे राहून, त्याच दिशेला फोटो घ्या. टणटणी खरंच कमी झाली की आपल्याला तसं वाटतंय, हे त्याशिवाय कळत नाही. दोन, वहीत चार रकाने: तारीख, किती माणसं, कुठे काय केलं, काय दिसलं. दहा झाडं निवडून पालवी, कळी, फूल, फळ यांची आठवड्याची नोंद ठेवली तर आणखी चांगलं.

थंडीतलं अंगमेहनतीचं काम जाळरेषांचं. राज्यात वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणून त्याआधी रस्ता, शेत आणि वस्तीकडच्या कडेने गवताचा पट्टा काढून टाकायचा. पट्टा किती रुंद आणि कुठून, हे वन विभाग ठरवतो. पट्टा जाळून काढण्याचं काम त्यांच्याच माणसांचं, आपण गवत कापून बाजूला ओढायचं. रस्त्याकडेची बाजू आधी. बहुतेक वणवे आपोआप लागत नाहीत. विडीचं थोटूक, चुलीसाठी रचलेले तीन दगड, बांध पेटवून दिलेलं शेत, नवं गवत लवकर येईल ही समजूत, यांतून लागतात. जानेवारीत आजूबाजूच्या वाड्यांत जाऊन बसा, बोला. एका घळीत जाळरेषा काढण्याएवढंच ते मोलाचं आहे.

उन्हाळा: आग, पाणी आणि अंडी

काम सकाळी साडेसहाला सुरू, दहाला बंद. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला, मळमळलं तर त्या माणसाला ताबडतोब सावलीत न्या, अंग ओलं करा आणि काम तिथेच थांबवा.

धूर दिसला तर काय करायचं, हे धूर दिसण्याआधी ठरलेलं हवं. आधी फोन: वनरक्षक, मग १९२६. आग कुठे आहे, वारा कोणत्या दिशेला आहे, एवढंच सांगा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या यंत्रणेत मोबाईल क्रमांक नोंदवला तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश येतात. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच डोक्यावरून जातो, त्यामुळे डोळ्यांवरच भरवसा ठेवा. आग विझवायला नव्या माणसाने पुढे जायचं नाही, हे आमच्या गटात अपवादाशिवाय पाळतात. आग चढावर धावते, माणसाच्या पळण्याहून वेगाने. उतारावर आगीच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नका. प्रशिक्षण घेतलेली मंडळी हिरव्या डहाळ्यांनी, जळून गेलेल्या बाजूने आग झोडपतात. तुम्ही पाणी पोचवा, माणसं मोजा, आणि विझल्यानंतर दोन तास थांबा. त्या दोन तासांना कंटाळून लोक निघून जातात, आणि शेणाच्या गोवरीतला, पोकळ ओंडक्यातला निखारा वाऱ्याने पुन्हा पेटतो.

लावलेल्या रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं. वाटेल तेवढी रोपं लावून टँकरची वाट पाहण्यापेक्षा मोजकी लावून प्रत्येकाशेजारी मडकं पुरा. तळाला बारीक भोक, त्यात कापसाची वात, तोंडावर झाकण. आठवड्याला भरलं तरी ओल टिकते. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्या.

प्राण्यांसाठी पाणवठे बांधावेत का, यावर माझं मत बदलत गेलं आहे. जिथे जुना झरा गाळाने भरला असेल तिथे तो मोकळा करणं केव्हाही बरं. सिमेंटच्या टाक्या दर शंभर पावलांवर नकोत, कारण एका ठिकाणी जमलेल्या प्राण्यांत रोग पसरतात आणि शिकाऱ्यालाही जागा कळते. असलेली टाकी आठवड्याला घासा आणि तिची एक बाजू उतरती ठेवा. उभ्या भिंतीच्या टाकीत खारी, सरडे, पाखरांची पिलं बुडतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावरून वन विभाग जी प्राणिगणना करतो, तिच्यासाठी नाव नोंदवून ठेवा. एक रात्र गप्प बसायला जमलं तर बसा, नाहीतर दुसऱ्याची जागा अडवू नका.

या दिवसांत माळावर पाऊल जपून टाका. टिटवी, माळटिटवी, धाविक यांची घरटी म्हणजे उघड्या जमिनीवर चार खडे आणि त्या खड्यांसारखीच दिसणारी अंडी. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की तुम्ही घरट्याजवळ आहात. आल्या पावली परत फिरा. अंडी शोधून फोटो काढायला थांबलात तर तेवढ्या वेळात ती उन्हाने तापतात.

मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही हत्यारं बाहेर काढतो. विळ्यांना धार, कुदळीच्या सैल दांड्यांना पाचर, पात्यांना तेलाचा हात. फाटके हातमोजे बाजूला. वर्षभराचे फोटो जागेनुसार लावून बघतो आणि कोणत्या तुकड्यातली टणटणी परत आली, ते नकाशावर लाल पेन्सिलने रंगवतो. जूनच्या कामाची यादी तिथूनच निघते. चातकाचा आवाज पहिल्यांदा ऐकलात तर वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवा.